लोकांकडे पाठ करून

अप्पा, तुमच्या मातीच्या दिवशी आम्ही जो घोळ घातला तो तुम्हाला कुणीतरी सांगायलाच पाहिजे. तुम्ही तिथंच होतात म्हणा, सगळ्यांपेक्षा उंच बसलेले, कपाळभर विभूती, अंगावर नवी शाल. पण तुमचे डोळे मिटलेले होते, आणि तुमचे डोळे मिटलेले असताना वाजवायची आम्हाला सवय नाही.

लिंगायतांमध्ये माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, हे मला ठाऊक होतं. तरी फुलांच्या विमानात तुम्हाला ताठ बसलेलं बघून वाटलं, आता उठाल. जिवंतपणी तुम्हाला बसलेलं पाहिलं ते फक्त जेवताना. तेही अर्धी भाकरी झाली की उठून जनरेटरवाल्याकडे निघायचात. तुमचा मुलगा जवळ येऊन म्हणाला, "मंगलताई, भजनी मंडळ हाय, पण अप्पांसाठी तुमची सलामी व्हायला पाहिजे. तुम्ही पुढं वाजवत चला." सलामी ही तुमचीच चाल. कार्यक्रम लातूरच्या नाट्यगृहात असो की हिमायतनगरच्या लग्नात, ती वाजल्याशिवाय आपल्या ऑर्केस्ट्राचं पहिलं गाणं कधी सुरू झालं नाही.

आम्ही पुढं झालो. माझं व्हायोलिन, सलीमचाचांचं ट्रंपेट, बबनच्या गळ्यात ढोलकी. कीबोर्डला वीज कुठून आणणार, म्हणून सुमितनं भजनी मंडळाची पेटी गळ्यात अडकवून घेतली. विमान उचललं, आणि आम्ही सगळेच्या सगळे गर्रकन मागं वळलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे तोंड केल्याशिवाय हात चालेनात, एवढंच. मग काय, लातूरच्या बाजारपेठेतून उलटं चालत निघालो. दुकानदार शटर अर्धं ओढून हात जोडत होते आणि आमच्याकडे बघून चक्रावत होते. एक स्कूटरवाला ओरडला, "ओ ताई, मागं बघा की!" सलीमचाचा दुभाजकाला अडखळले, तुमच्या पुतण्यानं त्यांना बखोट धरून सावरलं. चाचांनी ट्रंपेट तोंडापासून काढलं नाही.

खरा घोळ पुढंच झाला. सलामीचा शेवटचा सूर तुम्ही मूठ मिटेपर्यंत धरून ठेवायचा असतो. आम्ही तो धरला. तुम्ही मूठ मिटेनात. चाचांचा दम संपत आला तसा बबननं पुन्हा पहिल्यापासून उचललं. शेवटाला आलो, पुन्हा धरला, पुन्हा तेच. आता थांबा म्हणायचं कुणाच्या ध्यानातच येईना. भजनी मंडळातली म्हातारी माणसं बिचारी टाळ हातात घेऊन आमचं संपायची वाट बघत चालली होती. अशी आम्ही तुमची सलामी स्मशानभूमीपर्यंत गोल गोल वाजवत नेली. तिथं स्वामीजींनी, मंत्र सुरू करायचे म्हणून, गप्प बसा अशा अर्थानं हात वर करून मूठ मिटली, आणि आम्ही सगळे एका क्षणात थांबलो. अप्पा, इतका चोख कट आम्ही तुमच्या हयातीत दिला नव्हता. बबनला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच तो रडायला लागला. मग मीही.

घरी नांदेडला आले तेव्हापासून माझं एका जागी बूड टेकत नाही. भाजी निवडायला घेते, अर्धी टाकून उठते. शाळेत मुलांकडून समूहगीत बसवून घेताना मध्येच खिडकीपाशी जाऊन उभी राहते. घाटावर चक्कर मारून यावं म्हणून निघते आणि रिक्षा स्टँडवरूनच परत फिरते. नवरा म्हणतो, डॉक्टरला दाखवू. मला दाखवायचं काही नाही. मला भांडायचं आहे, आणि ज्याच्याशी भांडायचं तो माणूस गेला.

सकाळ सगळ्यांत वाईट. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन ठरलेला. कार्यक्रमाच्या रात्री तुम्ही अवाक्षर काढायचा नाहीत. सगळ्यांना "जेवून घ्या, जेवून घ्या" म्हणत फिरायचात, आणि आयोजकांनी घातलेली शाल घडी करून ढोलकीच्या खोळीत कोंबायचात. सकाळी मात्र एकेकाची हजेरी. मला पहिला फोन, कारण मी उलटून बोलते आणि बाकीच्यांना झापायच्या आधी तुम्हाला माझ्यावर गरम व्हायचं असे. "मंगल, दुसऱ्या कडव्याला काय करून राहिली होतीस तू? भाजी घेऊन राहिली होतीस का बाजारात?" मी म्हणायचे, अप्पा, समोरचा मॉनिटर स्पीकर बंद होता, मला गाणं ऐकूच येत नव्हतं. "मग माझा हात दिसत न्हवता का?" हात दिसत होता. तुमचा हात कायमच दिसायचा, डोळ्यांत बोट घालावं तसा.

लोकांना वाटायचं, ऑर्केस्ट्राचा कंडक्टर म्हणजे मंचावर तीन तास हात हलवणारा माणूस. तीन तास तर तुमचा आराम असायचा. सकाळी उठून तुम्ही अव्वांच्या हातचा चहा घ्यायच्या आधी प्रत्येकाला फोनवर विचारायचात, "तुझ्याकडं हवा कशी हाय?" मला आधी वाटायचं, विचारपूस करताहेत. मग कळलं की दमट हवेत बबनच्या ढोलकीची पुडी उतरते आणि माझ्या तारा चळतात, म्हणून तुम्ही निघायच्या आधीच सूर लावायला लागणाऱ्या वेळेचा हिशेब मांडताय. हॉलवर पोचलात की चपला काढून चारही कोपऱ्यांत जाऊन एकेक टाळी वाजवायचात. मंगल कार्यालयातल्या वाढप्यांना वाटायचं, म्हातारा सटकला. पत्र्याचं छत असलं की तुम्ही सगळीच गाणी जरा सैल घ्यायचात, नाहीतर आवाज आवाजावर आपटतो म्हणून. खुर्च्या स्वतः लावायचात. स्वरलिपीचे कागद लाल-निळ्या पेन्सिलीनं रंगवून ज्याच्या त्याच्या स्टँडवर ठेवायचात, आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे लावायचात. ते चिमटे अव्वांच्या दोरीवरून गायब व्हायचे. अव्वा त्यावरून किती बोलायच्या, लग्न झाल्यापासून गेलेले चिमटे मोजून दाखवायच्या!

आडत दुकानाच्या घरातला माणूस तुम्ही. धाकट्या भावांनी धान्याची पोती मोजली आणि तुम्ही मात्रा मोजत बसलात. घरच्यांनी त्याचा बाऊ केला नाही, पण तुमच्या कामाला काम म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. मला एकदा तुमच्या भावानं सरळ विचारलं होतं, "वाजवता तुम्ही, गातात ते गाणारे, मग आमचा दादा नेमकं करतो काय?" मी तावातावानं बरंच सांगितलं. तुम्ही तिथंच पान लावत बसला होतात. म्हणालात, "जाऊ दे ग. मी न्हाई केलं की कळंल त्याला." कळलं, अप्पा. भावाला नाही, मला.

तुम्ही गेलात आणि तिसऱ्याच दिवशी अर्धापूरहून फोन आला. केळी व्यापाऱ्यांच्या स्नेहमेळाव्याची सुपारी तुम्ही महिन्याभरापूर्वी घेतलेली. ते लोक भले आहेत. म्हणाले, कार्यक्रम रद्द करायचा तर करू, पण मास्तरांनी शब्द दिला होता म्हणून विचारतो. मी अव्वांना विचारायला लातूरला गेले. एसटीत लोह्यापर्यंत उभी, मग अहमदपूरपर्यंत बसून, मग पुन्हा उभी. जागा होती तरी उभी. अव्वा ओसरीवर होत्या. माझ्या हातात पाण्याचा तांब्या देऊन म्हणाल्या, "घ्या कार्यक्रम. त्यांनी शब्द दिलेला हाय. पण हात कोण देणार?"

हात देणं हा आपल्यातला शब्द. कंडक्टरनं खुणेनं ताल, चढउतार, सुरुवात आणि शेवट दाखवायचा, त्याला आपण हात देणं म्हणत आलो. अव्वांनी तो सहज वापरला, आणि मी परत येऊन तोच प्रश्न सगळ्यांपुढं ठेवला.

सुमितचं उत्तर तयार होतं. तो वाईट नाही, तुम्ही उगाच त्याच्यावर राग धरायचात. तो म्हणाला, "ताई, हात कशाला पाहिजे? सगळी गाणी ट्रॅकवर चढवतो. लॅपटॉपवरून वाजतील, गाणारे वर गातील. मी एकटा बास." बबन म्हणाला, "आन् आमी?" सुमित म्हणाला, "तुम्ही पण उभे राहा की, दिसायला बरं दिसतं." त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, हेच जास्त लागलं. एकदा ट्रॅकवर कार्यक्रम झाला की पुढच्या वेळी ढोलकी, ट्रंपेट, व्हायोलिन यांना कुणी कशाला बोलावेल? अर्धापूरचा कार्यक्रम कसा होतो यावर आपला ऑर्केस्ट्रा राहतो की जातो हे ठरणार होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण तुम्ही माझ्या मागं किती लागला होतात ते सगळ्यांना माहीत होतं.

हे आपलं जुनं भांडण. तुम्ही म्हणायचात, "माझे गुडघे गेले. तू उभी राहा आता." मी म्हणायचे, मी व्हायोलिन सोडणार नाही. तुम्ही म्हणायचात, व्हायोलिनला दुसरी पोरगी मिळंल. मी म्हणायचे, मला लोकांकडे पाठ करून उभं राहायचं नाही. पुरुषाच्या पाठीला कुणी काही म्हणत नाही, अप्पा. बाई तीन तास पाठ करून उभी राहिली की मागच्या रांगेतून काय काय येतं ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "मग शाल पांघर." मी तुमच्याशी आठवडाभर बोलले नाही. तुम्ही मात्र रोज सकाळी फोन करून हवा विचारत राहिलात.

खरं कारण शालीचं नव्हतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही समोर असलात की मला चुकायची मुभा होती. मी घसरले तर तुम्ही डावा तळवा खाली दाबायचात आणि सगळे मला झाकून घ्यायचे. ऐकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. समोर उभं राहणाऱ्याला झाकणारं कोण? तुम्ही इतकी वर्षं कुणाच्या आधारावर उभे राहिलात, हे मला विचारायचं होतं.

आणि तो शेवटचा फोन. मी वाण्याच्या दुकानात होते, एका हातात पिशवी. तुम्ही नेहमीसारखे तडकला नाहीत. म्हणालात, "मंगल, एवढ्या येळंला अर्धापुरात तू उभी राहा. मी खाली खुर्चीवर बसतो. जल्मभर वाजवून घेतलं ग, पण समोरून ऐकलं न्हाई कधी. मधी उभं राहून निस्ता बबन्याच ऐकू येतो. लोकान्ला कसं ऐकू येत असंल, एकदा बघू दे की." मी म्हणाले, "बघू." डाळ मोजून घ्यायची होती, मागं माणसं खोळंबली होती. बघू म्हणजे हो असतं, नाही असतं, आणि आत्ता नको असतं. तुम्ही त्यातलं कोणतं घेतलंत, अप्पा? मला हा विचार स्वस्थ बसू देत नाही. हो म्हणायला किती वेळ लागला असता? तुमचा ऑर्केस्ट्रा समोरून ऐकणं राहून गेलं ते गेलंच. यावर आता कुणी काही करू शकत नाही, आणि कुणी माझी समजूतही घालू नये.

काल शाळेच्या हॉलमध्ये तालीम ठेवली. दुपारची वेळ, पोरांना सुट्टी. सगळे वेळेच्या आधी आले. तुमच्या वेळी हे कधी घडलं होतं का? सुमितनं तुमच्या जागी खुर्ची ठेवून तिच्यावर तुमचा हार घातलेला फोटो ठेवला आणि लॅपटॉप उघडून बाजूला बसला, लागलाच तर म्हणून. आम्ही फोटोकडे तोंड करून वाजवायला बसलो. इतकं वाईट वाजलं की सांगता सोय नाही. ढोलकी पुढं पळाली, मी मागं राहिले, चाचा तर भलत्याच ठिकाणी घुसले. संपल्यावर सगळे एकमेकांना म्हणाले, "छान झालं." "हाव, बरं झालं." कुणी कुणाच्या डोळ्यांत बघेना. सुमित हळूच म्हणाला, "ताई, ट्रॅक लावू का?"

मी उठले, फोटो उचलून भिंतीशी ठेवला, खुर्ची सरकवली आणि तिथं उभी राहिले. व्हायोलिन बबनच्या मागच्या बाकावर ठेवलं. तिथून काय दिसतं ते मला आजवर माहीत नव्हतं, कारण मी नेहमी फक्त तुम्हाला बघत आले. तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. बबन वाजवायच्या आधी ओठ चावतो. चाचा माझ्याकडे बघतच नाहीत, माझ्या डाव्या खांद्यावरून कुठंतरी लांब बघतात. मी हात दिला. चाचा आलेच नाहीत. पुन्हा दिला. पुन्हा नाहीत. मी म्हटलं, चाचा, हात देतेय मी. तर ते शरमून म्हणाले, "मेरे कू हात कां दिखता बेटी? कब से नहीं दिखता. मास्तर नाक से जोर की सांस लेते थे ना, वो सुन के घुसता था मैं."

आम्ही तुमच्या त्या श्वासावर किती हसायचो, अप्पा. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा श्वास येतो म्हणून मी तुमच्या नाकाशी माइक नेऊ नका असं साउंडवाल्याला बजावून ठेवलं होतं. आणि तुम्ही एका शब्दानं सांगितलं नाहीत, कारण सांगितलं असतं तर चाचांच्या डोळ्यांची गोष्ट सगळ्यांना कळली असती आणि कुणीतरी म्हटलं असतं, दुसरा ट्रंपेटवाला बघा. तुम्ही आमचं हसणं अंगावर घेतलंत. मला तिथं उभ्या उभ्या तुमचा राग आला, आणि इतकी माया आली की काय करावं कळेना.

मी मोठ्यानं श्वास घेतला आणि हात दिला. चाचा बरोबर जागेवर आले. पण बाकीचं गाणं पुन्हा ढेपाळलं. प्रत्येक जण दुसऱ्याला सांभाळून, हळू, दबकत, घरात आजारी माणूस निजल्यासारखं वाजवत होता. आणि संपल्यावर परत बबन म्हणाला, "छान झालं, ताई."

माझं डोकंच फिरलं. "काय छान झालं? काय वाजवून राहिले तुम्ही? बबन, ती ढोलकी आहे का उशी? चाचा, दुसऱ्या ओळीत तुम्ही झोपला होतात का? सुमित, तो लॅपटॉप बंद कर आधी, आणि कीबोर्डला हात लाव, इथं तुला कुणी शोभेला बसवलं नाही. अर्धापूरची माणसं पैसे देऊन आपलं रडणं ऐकायला येणार आहेत का? एकानं धड वाजवलं नाही. मीही धड हात दिला नाही. लाज वाटली पाहिजे आपल्याला!"

मला वाटलं, आता हे उठून जातील, मी काही अप्पा नाही. मग सुमितनं लॅपटॉप मिटला आणि खुर्ची कीबोर्डपाशी ओढली. बबननं ढोलकीची दोरी कचकन आवळली. त्याचा चेहरा तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा जरा उजळला होता. सलीमचाचांनी ट्रंपेट गुडघ्यावर टेकवलं, शर्टाच्या टोकानं तोंड पुसलं, आणि बबनला कोपरानं ढोसून म्हणाले, "चलो रे, सीधे बैठो. मास्तर आ गए."

सगळे हसायला लागले. मी हसू दिलं नाही. "पहिल्यापासून," मी म्हणाले.